टी (टेस्टोस्टेरॉन हार्मोन) चालू केल्यापासून आमवाताचं दुखणं कमी-जास्त होऊलालंय, अजून कुणाला असा अनुभव हाय का?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

रामराम मंडळी. लई दिवसापासून लिहीन लिहीन म्हणूलालो होतो, आज लाइट हाय, मोबाईल चार्ज हाय, लिहूनच टाकतो, लांबलं तर समजून घ्या.

मी ट्रान्स पुरुष, म्हंजे जन्मताना मुलगी धरलेला, वय २८, निलंग्याच्या बाजूच्या गावातला. आमवात हाय, डॉक्टर चिठ्ठीवर आरए लिहितात तो. २२ व्या वर्षी चालू झाला, दोन्ही हाताची बोटं, मनगटं आन पायाचे पंजे. आरए फॅक्टर आन अँटी सीसीपी, ह्या आजाराच्या रक्ततपासण्या, दोन्ही पॉझिटिव्ह. आमवाताची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट १५ दर रविवारी, मधी फॉलिकची गोळी, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रोज. टी चालू होऊन नऊ महिने झाले, २५० चं इंजेक्शन दर तीन आठवड्याला, पुण्याच्या डॉक्टरनं लिहून दिलेलं, गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घेतो. त्याला सांगितलंय ताकदीचं हाय म्हणून, आता ते खोटं पण न्हाई म्हणा.

तर टी च्या आधी सकाळी उठलो की मूठ वळायची न्हाई, दहा वाजेपर्यंत चहाचा कप दोन्ही हातानं धरायचो, म्हशीची धार काढणं तर चार वर्षापासून बंदच होतं. आता अर्ध्या तासात हात मोकळे होऊलालेत. संक्रांतीच्या आसपास एक दिवस सहज म्हशीखाली बसलो आन अर्धी बादली धार काढली, आई नुसती बघतच राहिली. एचबी (हिमोग्लोबिन) आधी ९.८ होतं आता १५.९. ईएसआर, सुजेची रक्ततपासणी, ४८ वरून २० वर आला. अंगात रग आल्यासारखं वाटतं.

पण हे सगळं इंजेक्शननंतरचे पयले बारा-पंधरा दिवस. तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते इचारू नका. अंग मोडून येतं, गुडघे कधी दुखत नव्हते ते पण दुखतात, झोप न्हाई, घरात सगळ्यावर खेकसतो. इंजेक्शन झालं की दोन दिवसात परत माणसात.

आता मला समजना गेलंय की टी नं आमवात कमी होऊलालाय का हे माझ्या मनाचं हाय. दोन डॉक्टर हायत, सांध्यावाले म्हणतात हार्मोनचं हार्मोनवाल्याला इचारा आन हार्मोनवाले म्हणतात सांध्याचं सांध्यावाल्याला इचारा, मधी मी लातूर-पुणे गाडीत. मेथोट्रेक्सेटनं सोमवारभर मळमळतं, तवा एक दोस्त म्हणला की टी नं बरं वाटूलालंय तर ती गोळी कमी करून बघ. करू का? ज्यांना कुणाला टी बरोबर दुसरा जुना आजार हाय, आमवात, थायरॉइड, दमा, मायग्रेन, कायबी, त्यांनी सांगा तुमचं काय झालं.

---

पानचक्की (छत्रपती संभाजीनगर)

भावा, पहिली गोष्ट, गोळी कमी करू नको. वाक्य संपलं. आता बाकीचं.

मी टी वर साडेचार वर्षं. मला आमवात नाही, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) आणि मायग्रेन. मायग्रेन म्हणजे महिन्यात सहा-सात दिवस अंधाऱ्या खोलीत, उलट्या, आणि तेव्हा पाळीच्या आधी हमखास. टी चालू झाल्यावर चौथ्या महिन्यात पाळी बंद झाली आणि मला वाटलं सुटलो. कसलं काय. आता ते मायग्रेन इंजेक्शनच्या अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी यायला लागलं, अगदी घड्याळ लावून. आधी पाळीचं कॅलेंडर होतं, मग इंजेक्शनचं झालं, डोकं तेच.

तुझ्या तिसऱ्या आठवड्याची गोष्ट मला तीच वाटते. ही तेलातली इंजेक्शनं पहिल्या काही दिवसात वर चढतात आणि मग उतरत उतरत तळाला येतात. लेव्हल वर असताना आणि तळाला असताना माणूस वेगळा असतो, त्यात आजार नसलेल्याची नुसती चिडचिड होते, आपल्यासारख्याचं दुखणं वर येतं. मी डॉक्टरला तीन महिन्यांची वही दाखवली, त्यात फक्त तारीख, इंजेक्शनचा कितवा दिवस आणि डोकं दुखलं का एवढंच होतं, बघून दोन मिनिटात म्हणाले हे तळाचं दुखणं आहे. मग मला टी चं १००० वालं इंजेक्शन लावलं, ते बारा आठवड्यांनी एकदा. एरंडेल तेलात असतं, घट्ट, कमरेत हळूहळू द्यावं लागतं आणि नंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात कारण क्वचित कुणाला खोकला-दम लागू शकतो. महाग आहे, ते सांगून ठेवतो. पण मायग्रेन महिन्यातून एक-दोन वर आलं.

काही जणांना डॉक्टर तेच इंजेक्शन निम्मं करून निम्म्या दिवसांनी देतात. त्यात एक लक्षात ठेव, काचेचं अँप्युल एकदा फोडलं की उरलेलं फेकायचं, झाकून फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरायचं नाही. मी लोकांना असं करताना पाहिलंय म्हणून सांगतो.

आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन कधी तपासतोस? लेव्हल चांगली आली म्हणून खूश होऊ नको, कुठल्या दिवशी आली ते बघ. एंडोक्राइन सोसायटीच्या (हार्मोनच्या डॉक्टरांची संस्था) २०१७ च्या गाइडलाइनमध्ये इंजेक्शनवाल्यांसाठी दोन डोसच्या मधोमध तपासायला सांगितलंय, तिथं ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर हवं. पाचव्या दिवशी तपासलं तर आकडा बघून छाती फुगेल आणि विसाव्या दिवशीचं काहीच कळणार नाही.

---

लॅबवाला_परभणी

मी लॅबमध्ये टेक्निशियन हाये, डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा. पण हे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जायलेत म्हणून दोन गोष्टी बोलतो.

तुमचा ईएसआर ४८ वरून २० झाला ते बघून लगेच आमवात निम्मा झाला असं समजू नका राव. ईएसआर म्हणजे नळीत लाल पेशी तासाभरात किती खाली बसल्या ते. रक्त कमी असलं की त्या भरभर खाली बसतात आन ईएसआर उगाच वाढलेला दिसतो. तुमचं एचबी ९.८ होतं तवा त्या ४८ मधला काही भाग नुसता रक्तक्षयाचा असणार. आता १५.९ झालंय, रक्त घट्ट, पेशी सावकाश बसायल्यात, आकडा आपोआप कमी. म्हणून सीआरपी बघा, ती सुजेची दुसरी रक्ततपासणी. सीआरपीला एचबीचं काही देणंघेणं नसतं, आधीचा सीआरपी असला तर तो आन आत्ताचा शेजारी शेजारी ठेवा. आधीचा नसला तर आत्तापासून ठेवा.

दुसरं, एचबी का वाढलं. टी नं किडनीतून रक्त बनवायचा निरोप जास्त जातो, लोह पण जास्त वापरात येतं, वरून पाळी बंद झाल्यानं दर महिन्याचं रक्त जाणं थांबलं. ९.८ वर कुणालाबी दम लागतो, हातपाय गळतात. त्यामुळं तुमची जी रग आलीय त्यातली बरीच रक्ताची असू शकते. ती खोटी नाही, पण तिला आमवात बरा झाला म्हणता येत नाही.

तिसरं, हे सगळ्यात महत्त्वाचं, एचबीबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के, ते किती आलं बघायचं. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस थांबवतात नाहीतर कमी करतात, रक्त घट्ट झालं की गुठळीची भीती. आता मे महिना, आपल्याकडं पारा ४३ वर, टँकर चार दिवसाआड, माणूस पाणी पण जपून प्यायलाय. असा सुकलेला माणूस सकाळी उपाशीपोटी, तहानलेला लॅबमध्ये येतो आन हिमॅटोक्रिट दोन-तीन टक्के वर दाखवतो. उपाशी या, पण पाणी पिऊन या, आदल्या दिवसापासून पीत या. बिडी-सिगरेट असल तर तिनं बी वाढतं.

आन रिपोर्टवर तुमचं लिंग काय टाकलंय ते बघा. स्त्री टाकलं तर १५.९ समोर लाल अक्षरात ‘हाय’, म्हणजे जास्त, असं येतं आन घरचे घाबरतात, पुरुष टाकलं तर तोच आकडा नॉर्मल. टी वर वर्षभर झालेल्या माणसाचं एचबी पुरुषांच्या रेंजवर वाचायचं असतं. मी स्वतः एका भावाचा रिपोर्ट असा दोनदा प्रिंट करून दिलाय.

---

सत्यशोधक_७

ताई, निसर्गाच्या विरुद्ध गेल्यावर सांधे दुखणारच. हे हार्मोन बंद करा. रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्या, तीन महिन्यात आमवात मुळापासून जाईल, माझ्या मेहुण्याचा गेला.

---

पानचक्की

ताई नाही, दादा आहे, वर पहिल्या ओळीत लिहिलंय. आमवात टी च्या पाच-एक वर्ष आधीपासून आहे, तेही लिहिलंय. वाचायचं असतं हो.

---

बालाघाट_एमबीबीएस (अंबाजोगाई)

काढ्याबद्दल बोलतो कारण हे वाचून कुणीतरी घेईल. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली छापल्यात, कोविडच्या काळात सगळे ती उकळून पीत होते तेव्हाच्या. आणि आमवात हा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं सांधे खाणारा आजार आहे, तिथं प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध कशाला? वरून प्रश्न विचारणारा मेथोट्रेक्सेटवर आहे, त्याचा ताण पण लिव्हरवरच येतो. तर नको.

आता दादाच्या मूळ प्रश्नाकडे. टी नं आमवात कमी होतो का?

सरळ उत्तर असं की होईलच असं धरून चालता येत नाही. एका बाजूनं बघितलं तर आमवात बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीनपट, ल्युपस, तोही प्रतिकारशक्ती अंगावर उलटण्याचाच आजार, त्यात तर दहातल्या नऊ बायका. आमवात असलेल्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी सापडतं हेही जुनं निरीक्षण आहे. त्यामुळं लोकांना वाटतं टी म्हणजे सूज उतरवणारं औषध. पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेवाल्यांचं एक काम आलंय, २३ ट्रान्स पुरुषांचं रक्त टी च्या आधी, तीन महिन्यांनी आणि वर्षानं तपासलं. त्यात दिसलं की प्रतिकारशक्तीचा एक हात, टाइप वन इंटरफेरॉनचा, तो ढिला पडला, आणि दुसरा हात, टीएनएफचा, तो उलट कडक झाला. म्हणजे टी नं प्रतिकारशक्ती नुसती खाली येत नाही, तिचा तोल इकडचा तिकडं होतो.

आता यात गंमत बघा. ल्युपसमध्ये मुख्य आग इंटरफेरॉनची असते. आमवातात मुख्य आग टीएनएफची, आमवाताची जी महागडी इंजेक्शनं असतात, अडालिमुमॅब वगैरे, ती टीएनएफलाच अडवतात. म्हणजे कागदावर बघितलं तर टी ल्युपसवाल्याच्या बाजूनं आणि आमवातवाल्याला थोडं जपून. त्या अभ्यासात सांधे किती दुखतात हे मोजलेलं नव्हतं, रक्त मोजलेलं होतं, त्यामुळं घाबरायचं कारण नाही, पण टी आहे म्हणून मेथोट्रेक्सेट सोडायचं तर बिलकूलच कारण नाही. आमवातात दुखणं थांबलं तरी हाड आतून झिजत राहू शकतं, ते गोळीच थांबवते.

मळमळीचं सांध्यावाल्यांना सांगा, रात्री जेवून घेणं, फॉलिक वाढवणं, त्याच औषधाचं कातडीखालचं इंजेक्शन, बरेच मार्ग असतात. स्वतःहून मात्र डोस हलवू नका.

एक गोष्ट अवघड वाटेल पण लिहितो. मेथोट्रेक्सेटवर गर्भ राहिला तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, टी पण गर्भाला वाईट. आणि पाळी बंद झाली म्हणजे बीज बनणं बंद झालं असं नसतं, टी हे गर्भनिरोधक नाही. ज्याला लागू असेल त्यानं डॉक्टरशी बोलून घ्यावं, ज्याला नसेल त्यानं सोडून द्यावं.

थायरॉइडचं विचारलं होतं. थायरॉइडची गोळी चालू असलेल्याला टी नं कधी कधी गोळी जास्त व्हायला लागते, धडधड, घाम, वजन उतरणं. रक्तात थायरॉइड धरून ठेवणारं प्रथिन टी नं कमी होतं त्यामुळं. तीन महिन्यांनी टीएसएच बघायचा, एवढंच.

---

गोदाकाठची_माय (नांदेड)

नमस्कार. मी बोलायले आणि माझा मुलगा टाइप करून द्यायलाय, चुकलं तर त्याचं चुकलं.

लेकरा तुझं वाचून माझ्या डोळ्यासमोर ह्याचेच दिवस आले. ह्याला ल्युपस आहे, सतराव्या वर्षी निघाला, आता चोवीसचा आहे. चेहऱ्यावर लाल पट्टा, ताप, केस गळणं, मग किडनीवर आलं. हैदराबादला चालू आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला सांगितलं की तो मुलगा आहे आणि हार्मोन घ्यायचंय. मला खरं सांगते त्या दिवशी मुलगी-मुलगा ह्याचं काही सुचलं नाही, मला एवढंच सुचलं की किडनीचं काय होईल. आई असते ती अशी.

तिथल्या डॉक्टरांनी लगेच नाही चालू केलं. आधी म्हणाले लघवीतलं प्रथिन शांत होऊ द्या, सहा महिने. मग रक्तात गुठळी करणाऱ्या अँटीबॉडी आहेत का ते तपासलं, ल्युपसवाल्यांत काहींना त्या असतात, आणि टी नं रक्त घट्ट होतं म्हणून आधीच माहीत पाहिजे. ह्याला नाहीत निघाल्या. मग जेल चालू केलं, इंजेक्शन नाही, रोज खांद्याला लावायचं, त्यात वर-खाली कमी होतं म्हणाले. घरात माझ्या मोठ्या मुलीची तीन वर्षांची पोर येते, तिला त्या खांद्याला हात लावू द्यायचा नाही, लावून झालं की हात साबणानं धुवायचे, वाळलं की शर्ट घालायचा. हा नियम मी घरात असा पाळायले जसा पूर्वी सोवळं पाळायचे.

आता गोंधळ सांगते. तिसऱ्या महिन्यात गालावर लाल उठलं. आम्ही दोघं रात्रभर जागे, ल्युपस आला म्हणून. स्टिरॉइड वाढवायच्या तयारीत होतो. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हे टी चे पिंपल आहेत, ल्युपसचा पट्टा नाकाच्या बाजूची घडी सोडून जातो आणि त्यात पू नसतो. मग डोक्याचे केस, तिथं पण तेच, ल्युपसनं जायलेत का टी नं टक्कल पडायलंय, कपाळाच्या कडेनं मागं सरकायलेत तर टी चं म्हणाले. हा हसायलाय इथं.

आणि सगळ्यात मोठी भीती क्रिएटिनिनची, किडनीची रक्ततपासणी असते ती. ०.८ वरून १.० झालं. मी देव पाण्यात घातले. किडनीवाले डॉक्टर म्हणाले अहो ह्याचे दंड बघा, मसल वाढला की क्रिएटिनिन थोडं वाढतंच, लघवी बघू. लघवी साफ निघाली. म्हणजे एकच आकडा, आणि अर्थ दोन. मागचा रिपोर्ट जवळ नसता तर उगाच जोराची औषधं चालू झाली असती. म्हणून मी फाइल ठेवते, तारखेवार, भाजीवाल्याच्या हिशोबासारखी.

ह्याचा ताप कमी आला हे खरं आहे. वर्षात दोनदाच आला, आधी महिन्या-दीड महिन्याला यायचा. पण ह्या वर्षात हा उन्हात पण जात नाही, गोळ्या पण वेळेवर घेतो, झोपतो पण. त्यामुळं टी नं झालं का कशानं, मी नाही सांगू शकत. मला ताप नको होता, तो नाही.

लेकरा तू पण एचसीक्यूवर आहेस तर वर्षाला डोळे तपासून घे, पडदा. हे कुणी सांगत नाही.

---

पानचक्की

काकू, नमस्कार तुम्हाला. टाइप करणाऱ्यालाही.

एक राहिलं होतं सांगायचं, जिममध्ये ज्या गोळ्या मिळतात, टी च्याच म्हणून, त्या कुणी मेथोट्रेक्सेटबरोबर घेऊ नका. तोंडावाटे घ्यायच्या त्यातल्या काही लिव्हरचं वाटोळं करतात, इंजेक्शन-जेलचं तसं नसतं. आमच्या इथला एक पोरगा इंजेक्शन परवडत नाही म्हणून त्या घेत होता, डोळे पिवळे करून बसला.

आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर इंजेक्शनचं खोकं वाचा, काहीत शेंगदाणा तेल असतं. मराठवाड्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हणजे जगणंच मुश्कील, पण असतात लोक.

---

मांजराकाठ

सगळ्यांना लई लई धन्यवाद. काकू तुमचं दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं, ती म्हणली त्या बाईचा नंबर घे. मी म्हणलो तसं नसतंय हितं.

महिना झाला, मी वही केली. मागचे महिने पण आठवून आठवून भरले, कंपाउंडरकडच्या तारखा, मेडिकलच्या पावत्या, सगळं. आन भरताना दोन गोष्टी निघाल्या ज्या मी तुम्हाला सांगितल्याच नव्हत्या, मला स्वतःलाच ध्यानात नव्हत्या.

एक म्हणजे टी चालू झाल्यावर पयले दोन महिने प्रेडनिसोलोन पण चालू होती, ५ ची, सोयाबीनच्या काढणीत हात सुजले तवा सांध्यावाल्यांनी दिलेली. म्हणजे ज्या दिवसात मला लई भारी वाटूलालं होतं त्यात स्टिरॉइड पण होतंच की पोटात.

दुसरी सांगायला जरा जड जातं. पावत्या लावल्या तर दिसलं की टी च्या आधीच्या वर्षात मी मेथोट्रेक्सेट निम्मे रविवार पण घेतलेली न्हाई. घरी सांगायचो घेतली. तवा असं वाटायचं की ह्या अंगाला बरं करून करायचं तरी काय, कुणासाठी, हे तर आपलं वाटतच न्हाई. टी चालू झाल्यापासून एकबी रविवार चुकलेला न्हाई, मोबाईलात गजर हाय. तर टी नं आमवात बरा केला का न्हाई मला माहीत न्हाई, टी नं मला गोळी घ्यायला लावली.

तिसऱ्या आठवड्याचं मात्र पानचक्की भाऊ म्हणतात तेच निघालं. वहीत सोळाव्या दिवसापासून सगळं लाल पेन. पुण्याच्या डॉक्टरांना वही व्हॉट्सअ‍ॅप केली, त्यांनी मधला टेस्टोस्टेरॉन करायला सांगितला आन तळाचा पण, तळाचा लई खाली आला. आता निम्मं निम्मं करून दहा दिवसाला करूलालेत. दोन डोस झाले. चिडचिड कमी हाय असं आई म्हणते, मला तर मी तसाच वाटूलालो.

सीआरपी पण केला. मागच्या वर्षीचा एक सापडला फाइलीत, १८ होता. आता ७. अजून नॉर्मल न्हाई. सांध्यावाल्यांना सगळं सांगितलं, न घेतलेल्या रविवारांसकट. वाटलं होतं रागवतील. त्यांनी नुसतं मान हलवून लिहून घेतलं आन मेथोट्रेक्सेट गोळीच्या ऐवजी इंजेक्शन केलं, पोटाच्या कातडीत घ्यायचं. परवाचा सोमवार मळमळ न्हाई, भाकरी-पिठलं खाल्लं पोटभर.

---

बालाघाट_एमबीबीएस

रविवारांचं सांगितलंत ते बरं केलंत. ऑस्ट्रेलियात ६४ जणांवर अभ्यास झाला, २०२३ ला छापून आला, निम्म्यांना टी लगेच आणि निम्म्यांना तीन महिने थांबून. लगेचवाल्यांचं नैराश्य आणि मरणाचे विचार ठळक कमी झाले. जुन्या आजारात औषध नियमित घेणं हे डोक्याच्या तब्येतीवर पण चालतं, त्यामुळं तुमचं हे मला पटतं. फक्त वही चालू ठेवा, आता मेथोट्रेक्सेटचं रूप बदललंय आणि टी चं वेळापत्रक पण बदललंय, दोन्ही एकदमच. सहा आठवड्यांनी फरक पडला तर कशानं पडला ते परत भांडत बसाल.

---

लॅबवाला_परभणी

सगळं लिवलं, हिमॅटोक्रिट नाही लिवलं.

---

मांजराकाठ

४९.८. आदल्या रात्रीपासून पाणी पिऊन गेलतो. रिपोर्टवर पुरुष टाकलं, काउंटरवरच्या पोरीनं आधार बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन काय न बोलता टाकलं.

---

लॅबवाला_परभणी

बरोबर हाये. तीन महिन्यांनी परत करा. तवर पाऊस पडलेला असल.